कपाटाच्या काचेत ऐकणारी माणसं

गिरणीनं माझ्या वडिलांना घरी पाठवलं तेव्हा त्यांच्या हातात एक कागद दिला होता. कागद इंग्रजीत. आमच्या चाळीत इंग्रजी कोणाला येत नव्हतं, म्हणून बाबा तो घडी करून आधी इस्त्रीवाल्याकडे घेऊन गेले, तिथून नाक्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे. कंपाउंडरनं तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "परब, बाकी सगळं सोडा. कामाचा शब्द एकच आहे. अनफिट."

बाबांनी बावीस वर्षं कापूस पिंजायच्या खात्यात काढली होती. खोकला होता. तो त्या खात्यात सगळ्यांनाच होता. नोकरी गेली तशी गिरणीजवळची खोलीही गेली आणि आम्ही घाटकोपरला डोंगरउतारावर एक पत्र्याची खोली घेतली. आईनं खाणावळ घातली. आमच्या गावाकडचे सहा-सात एकटे पुरुष विक्रोळी-भांडुपच्या कारखान्यांत लागलेले होते, ते आमच्याकडे जेवायचे. त्यांची पंगत उठेपर्यंत आम्ही भावंडं बाहेर पायरीवर बसायचो. नंतर उरेल ते आमचं. माशाच्या कढीतला बांगड्याचा तुकडा आमच्यापर्यंत पोचला तर त्या दिवशी भांडण व्हायचं.

पाण्याचा नळ खाली रस्त्याला. तिथून वर खोलीपर्यंत ब्याऐंशी पायऱ्या, म्हणजे ओबडधोबड बसवलेले दगडच. पाणी बाबा आणायचे. एक कळशी खांद्यावर, एक हातात. वाटेत चार ठिकाणी टेकायचे, टेकायचे दगडही ठरलेले होते. पण आईला किंवा मला त्यांनी कळशीला हात लावू दिला नाही. एकदा तिसऱ्या दगडावर ते बसले होते आणि मी शाळेतून येत होते. मला थांबवून म्हणाले, "बाय गो, तू शाळेत जातंस मा? मगे सांग बगया. मी आजारी आसंय काय?"

मी त्यांच्या छातीकडे बघितलं, कळशांकडे बघितलं. "नाय" म्हणाले असते तर कागद खोटा ठरत होता. "होय" म्हणाले असते तर कळशा. मी तशीच वर निघून गेले. तेव्हा मी सातवीत होते.

पुढे मी बी.ए. झाले. आमच्या घरात, आमच्या वाडीत, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या अख्ख्या उतारावर मी पहिली. हे मी मिरवायचं म्हणून सांगते, लपवत नाही. विषय तत्त्वज्ञान. तो काही ओढीनं घेतला नव्हता. दुपारी आईबरोबर खाणावळीचं काम असायचं आणि सकाळच्या वर्गांत बसणारा तो एकच विषय होता. वर्गात आम्ही चौघं. बाकी तिघांच्या घरी पुस्तकांची कपाटं होती आणि वडिलांशी वाद घालायची सवय होती. माझ्या घरी, मी आज काय शिकले हे विचारायचं तरी कसं, हाच प्रश्न होता.

तरी बाबांनी एकदा विचारलं. आमचे सर त्या दिवशी व्याख्या कशी तपासायची ते शिकवत होते. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. गायीची व्याख्या करा, सर म्हणाले. मी म्हटलं, शिंगं असतात ती गाय. "मग म्हैस?" व्याख्या नको तिथं पसरली, ही अतिव्याप्ती. दुसरा म्हणाला, तांबडी असते ती. "मग पांढऱ्या गायीनं काय केलं?" व्याख्या हवी तिथं पुरली नाही, ही अव्याप्ती. मी हे घरी सांगितलं तर बाबा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. "गाय म्हणजे काय ता शिकाक तू कॉलेजात गेलंस? गावाक चल, फुकट दाखवतंय!"

मीही हसले. पण त्या हसण्यानंतर मी घरात पुस्तकातलं काही बोलले नाही. अभ्यास माझा एकटीचा झाला, आणि तो तसाच राहिला.

तत्त्वज्ञानाच्या बी.ए.ला नोकरी कोण देणार? मुलुंडला, आग्रा रोडवर, पत्र्याचे डबे बनवणारा एक कारखाना होता. नाव सांगत नाही, आता तो तिथं नाहीही. त्याच्या दवाखान्यात नोंदी ठेवायला कारकून हवा होता. मला घेतलं ते माझं अक्षर बघून.

काम कसलं ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं दवाखाना म्हणजे औषधं. आमचा दवाखाना म्हणजे मुख्यतः कागद होता. दर वर्षी प्रत्येक कामगाराची तपासणी. उंची, वजन, छाती किती फुगते, डोळे, कान, रक्तदाब, लघवी, फुप्फुसाचा फोटो. सगळं मी फॉर्मवर भरायचं. फॉर्मच्या तळाशी दोन चौकोन, फिट आणि अनफिट. माझ्या टेबलावर दोन शिक्के, निळा आणि लाल. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस दोन तास येत. त्यांनी मान हलवली की मी शिक्का मारायचा. उरलेल्या वेळात त्या खोलीत मी, एक खाट, एक बाकडं, औषधांचं काचेचं कपाट आणि भिंतीवरची डोळे तपासायची अक्षरं. ती अक्षरं सगळ्या कारखान्याला पाठ होती. कँटीनमध्ये नव्या माणसाला ती शिकवत, पाढे शिकवावे तशी.

निळ्या शिक्क्यासाठी माणसं काय काय करत! वजन भरावं म्हणून एकानं तपासणीच्या दारात अर्धा डझन केळी खाल्ली आणि वर दोन तांबे पाणी प्यायला. त्याचं वजन भरलं, पण वजनकाट्यावरून उतरताना त्याला जे झालं ते मला पुसावं लागलं. एकानं भीतीपोटी मेहुण्याची लघवी आणून दिली. तिच्यात साखर निघाली. ह्याला काही नव्हतं. मेहुण्याचा मधुमेह असा आमच्या कारखान्यात सापडला, तो बिचारा पोस्टात होता.

डॉक्टर सबनीस भला माणूस. विनोदी, जरा घाईचा. मला "तत्त्ववेत्त्या" म्हणायचे, पण चिडवण्यात विष नव्हतं. "तत्त्ववेत्त्या, पुढचा पेशंट सत्य आहे की माया?" "सत्य आहे साहेब, बूट वाजतायत." एवढंच आमचं तत्त्वज्ञान.

त्या दिवसांतला एक माणूस माझ्या डोक्यातून गेला नाही. स्टोअरमधला कुबल. चाळिशीचा असेल. दर दोन-तीन महिन्यांनी यायचा, बाकड्यावर बसायचा आणि एकच वाक्य बोलायचा, "बरं वाटत नाही." काय होतं? "काही नाही. बरं वाटत नाही." डॉक्टरांनी सगळं तपासलं. सगळं व्यवस्थित. मी निळा शिक्का मारला. पुन्हा आला, पुन्हा शिक्का. आठ वेळा. ज्या दिवशी डॉक्टर नसायचे त्या दिवशीही कधी कधी यायचा आणि नुसता बसून राहायचा. मी नोंदी करत असायची. एका खोलीत दोन माणसं, तास तास, आणि मी त्याला एकदाही विचारलं नाही की कुबल, घरी कोण असतं? एक दिवस तो कामावर आलाच नाही. राजीनामा गावाहून पोस्टानं आला. त्याचं कार्ड मी "सोडून गेलेले" या खणात टाकलं. पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या कारखान्यात प्रेस शॉप होतं. पत्रा कापायची आणि ठोकायची मशीनं. तिथला आवाज असा की पहिल्या दिवशी माझे दात हलल्यासारखे वाटले. तिथं दहा वर्षं काढलेल्या माणसाला कमी ऐकू यायचं, वीस वर्षं काढलेल्याला फारच कमी. पण ती माणसं एकमेकांशी दिवसभर गप्पा मारत. आवाज न काढता. नुसते ओठ हलवत, भुवया उडवत. शिव्या, विनोद, मुलीचं लग्न, सगळं. लांबून बघितलं तर वाटायचं, मूकपट चालू आहे.

कानाची तपासणी साधी होती. कामगारानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, डॉक्टरांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी उभं राहून कुजबुजत आकडे म्हणायचे. "बावीस... एकोणसाठ..." कामगारानं ते परत म्हणायचे. प्रेस शॉपची माणसं वर्षानुवर्षं फटाफट आकडे सांगून पास होत होती. कोणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही.

एके वर्षी डॉक्टरांना सर्दी झाली. तोंडाला रुमाल धरून ते आकडे म्हणत होते. प्रेस शॉपचे तीन जण पाठोपाठ चुकले. दुसऱ्या खेपेला रुमाल नव्हता, तेच तिघं पास. मी टेबलावरून बघत होते. तर्कशास्त्रात शिकलेलं डोक्यात उभं राहिलं. एक गोष्ट असताना होतं आणि ती नसताना होत नाही, तर कारण तिथंच शोधा. रुमाल. म्हणजे ओठ. पण पाठ करून उभ्या माणसाला ओठ दिसतात कुठून? मी त्या जागी जाऊन उभी राहिले. समोर औषधांचं काचेचं कपाट. काचेत खिडकी, खिडकीच्या उजेडात डॉक्टरांचा चेहरा, लख्ख.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतक्या वर्षांत माझं शिक्षण पहिल्यांदा कुठं तरी लागू पडलं होतं! मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, ही माणसं कानानं ऐकत नाहीत, कपाटाच्या काचेत ऐकतात."

डॉक्टर आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "शाब्बास! लावा कागद."

मी स्वतःच्या हातानं खळ करून काचेला तपकिरी कागद चिकटवला. प्रेस शॉपची पुन्हा तपासणी झाली. एकोणीस माणसं नापास. मी एकोणीस वेळा लाल शिक्का मारला.

मला माहीत नव्हतं ते असं, की वरच्या मजल्यावर नव्या आपोआप चालणाऱ्या मशीनांची बोलणी झाली होती आणि माणसं कमी करायची होती. कामगार कपातीला युनियन आडवी येते, वैद्यकीय कारणाला येत नाही. पर्सोनेल ऑफिसर स्वतः खाली येऊन फॉर्म बघून गेला. आठ दिवसांत डॉक्टरांनी प्रत्येकावर सही करायची, म्हणजे एकोणीस घरं रिकामी.

दुसऱ्या दिवशी पांडू भोईर माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. भांडुपच्या खाडीकाठचा. घरी होडी, भाऊ अजून मासे मारणारे, हा एकटा कारखान्यात आलेला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा मोठ्यानं बोलायचा.

"बाय, आमच्या ऐकन्यानं तुजं काय बिघरलं व्हतं गो?"

मी काही तरी बोलले, नियम वगैरे. तो माझ्या ओठांकडे बघत होता. मग त्यानं दोन्ही हात माझ्या टेबलावर, फॉर्मांवर, पालथे ठेवले.

"अठरा वर्सं त्या प्रेसवर हाय मी. मोज."

"काय मोजू?"

"बोटं. मोज, बाय, मोज!"

दहा होती. प्रेस शॉपमध्ये दहा बोटं ही काय चीज आहे हे मला माहीत होतं, कारण अपघाताची वहीही मीच लिहायची. त्याच वर्षी एका नव्या, उत्तम कानांच्या तरुणाची दोन बोटं गेली होती. शेजारचे सगळे त्याला ओठांनी, हातांनी सांगत होते, थांब, थांब. त्याला ती भाषा येत नव्हती आणि आवाजात कान काय कामाचे? त्या तरुणाच्या फॉर्मवर माझा निळा शिक्का होता.

त्या दिवसापासून कारखान्यात माझ्याशी कोणी बोलेना. ऑफिसरांच्या जेवणघरात बायकांना जागा नव्हती, म्हणून मी पॅकिंगच्या बायकांबरोबर जेवायची. मी डबा घेऊन बसले की त्या एकेक करून उठून दुसऱ्या बाकड्यावर जात. एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाली, "गप ऱ्हावा गं. बाई लई शिकल्यात, ओठ वाचतील." मी भाकरीकडे बघत जेवले. घरी तरी कोणाला सांगणार? भावंडं आपापल्या संसाराला लागली होती. माझं लग्न जमलं नव्हतं. मुलगी बी.ए. आहे म्हटलं की बोलणी करायला आलेली माणसं चहा संपवून उठायची. आई थकली होती. आणि बाबांना सांगायचं म्हणजे, बाबा, तुमच्या हातात जो कागद दिला होता तो आता मी लिहिते.

आठातले तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी मी कॉलेजची वही काढली आणि दोन पानं लिहिली. सकाळी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय, परबबाई? राजीनामा?"

"नाही साहेब. व्याख्या तपासलीय. फिटची."

ते वाचायला लागले. "रोग नाही तो निरोगी. बरोबर आहे की! यात काय चुकलं?"

"कुबलला कोणताही रोग नव्हता. तो निरोगी होता का? व्याख्या नको तिथं पसरली. अतिव्याप्ती."

"बरं. बहुतेक माणसं असतात तसा असेल तो निरोगी."

"प्रेस शॉपात बहुतेक बहिरे आहेत. मग भोईर निरोगी आणि ज्याचे कान शाबूत तो आजारी?"

डॉक्टर खुर्चीत मागं रेलले. "मग तुमची व्याख्या काय?"

ती मी दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिली होती. ज्याला आपलं काम आणि आपलं जगणं नीट करता येतं तो निरोगी. भोईरला येतं. दहा बोटं पुरावा. मला वाटलं, जिंकले.

डॉक्टरांनी पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे मी कंपनीला लिहून देऊ, की प्रेस शॉपातले सगळे अगदी निरोगी आहेत? कंपनी पेढे वाटेल, बाई. मशीनचा आवाज कमी करा म्हणून सांगायला मग तोंडच नाही. तो आवाज उद्याही त्यांचे कान खाणार आहे. तुमच्या व्याख्येनं माणसं वाचली, पण मशीनही सुटलं."

कॉलेजातही मला कोणी इतकं सरळ हरवलं नव्हतं. डॉक्टरांनी पानं परत दिली. "चार दिवस आहेत. बघा."

संध्याकाळी पायऱ्या चढत होते तर बाबा त्याच जुन्या तिसऱ्या दगडावर बसलेले. आता कळशी एकच असायची आणि टेकायची ठिकाणं सात झाली होती. मी शेजारी बसले. का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. काच, कागद, एकोणीस शिक्के, डॉक्टर. त्यांच्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नव्हतं हेही सांगितलं.

त्यांनी श्वास बसू दिला. "त्यात काय एवढा? दम लागता, ता खरा. पाणी आणतंय, ता पण खरा. दोनव खरा. एकात कित्याक घालतंस?"

मग तेच म्हणाले, "आणि माका कसा वाटता, ता तर आजपर्यंत कोणी इचारूकच नाय. डाक्टरान नाय, गिरणीन नाय. तुया पण नाय."

"मग आता इचारतंय. कसा वाटता, बाबा?"

मला वाटलं, छातीचं काही सांगतील. ते खाली रस्त्याकडे बघत होते. आमच्याकडे जेवणारी माणसं पाळी संपवून येत होती, हातात रिकामे डबे.

"खोकल्याचा काय, तो आसाच. सकाळी हे सगळे कामाक जातत. मी बघत रवतंय. एकट्याक लय वाईट वाटता गो."

गिरणी सुटून तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारून पुस्तकं घेऊन वर जात होते. मला वाटत होतं, या घरात एकटी मीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना नवं पान दिलं. त्यात व्याख्या नव्हती. एका शब्दात तीन प्रश्न कोंबलेले आहेत, ते सोडवून वेगळे लिहा, एवढंच होतं. पहिली ओळ, शरीरात काय बिघडलं आहे आणि कशामुळे. दुसरी ओळ, हा माणूस कोणतं काम नीट करू शकतो. तिसरी ओळ, त्याला स्वतःला कसं वाटतं.

"पहिल्या दोन ओळी ठीक," डॉक्टर म्हणाले. "पहिलीत मशीन सापडतं, दुसरीत माणूस सुटतो. तिसरी कशाला? माणसं खोटं सांगतील."

"सांगतील साहेब. केळी खाऊन वजन भरतात, तसंच. पण कुबल आठ वेळा खरं सांगत होता. आपल्या फॉर्मवर ते लिहायला जागा नव्हती."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग पेन उघडलं. एकोणीस फॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी स्वतः तीन-तीन ओळी लिहिल्या. भोईरच्या फॉर्मवर होतं, कान बरेच कमजोर, कारण प्रेसचा आवाज. प्रेसचं काम उत्तम करतो, अठरा वर्षं अपघात नाही. तिसऱ्या ओळीसाठी त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "कानाचं काय नाय, डॉक्टर. नातवाचा आवाज येत नाय, तो ओठ हलवायला अजून शिकला नाय. बाकी मी झकास." तेही लिहिलं.

पर्सोनेल ऑफिसर वैतागून खाली आला. "डॉक्टर, मला निबंध नको. एक शब्द द्या."

"एका शब्दात मावत नाही हो."

"फिट की अनफिट?"

"कशासाठी?" डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही, पण तो प्रश्न माझ्या पानावरच्या दुसऱ्या ओळीचा होता.

ऑफिसरनं फॉर्म पलटून पहिली ओळ वाचली. "कारण प्रेसचा आवाज" यावर त्याचं बोट थांबलं. पुन्हा वाचली. मग सगळा गठ्ठा काखेत मारून वर गेला.

मी उगीच फुशारकी मारणार नाही. माणसं राहिली ती कोणाला माझं म्हणणं पटलं म्हणून नाही. ती पहिली ओळ उद्या कोणी कोर्टात वाचली तर काय, ही भीती वरच्या मजल्यावर बसली म्हणून राहिली. एकोणिसांतले सतरा प्रेसवर परत गेले. एकाला पॅकिंगमध्ये दिलं. एकानं आधीच वैतागून नोकरी सोडली होती, तो डॉक्टरांच्या सहीपर्यंत थांबलाच नाही, त्याच्या फॉर्मवरची तिसरी ओळ कोरीच राहिली. त्याचं मला अजून लागतं. काचेवरचा कागद मी लावला होता.

तो कागद मी काढला नाही. डॉक्टर म्हणाले होते, काढा आता. मी म्हटलं, राहू दे, आता लपवायला कारण नाही. कुजबुजीची तपासणी त्यांनी तशीच चालू ठेवली आणि माणसं खुशाल "नाय आलं ऐकू" म्हणायला लागली. मला वाटतं त्या दवाखान्यात पहिल्यांदा खरं ऐकू आलं ते तेव्हा.

पॅकिंगच्या बायका लगेच काही माझ्या बाकड्यावर आल्या नाहीत. ते वर्ष मी एकटीच जेवले. नंतर एक दिवस दवाखान्याच्या खिडकीत उभी होते. अंगणापलीकडे प्रेस शॉपच्या दारात भोईर उभा. मशीनं चालू. त्यानं माझ्याकडे बघून ओठ हलवले. मला कळलं नाही. त्यानं पुन्हा हलवले, सावकाश, लहान मुलाला शिकवावे तसे. "जेव...लीस... का... बाय?"

मी मान हलवली. मग मीही आवाज न काढता विचारलं, "तू?" तो हसला, मागं वळून आत काही तरी म्हणाला आणि आतून चार-पाच माणसं बाहेर डोकावून हसली. पुढच्या काही वर्षांत मी ती भाषा बरी शिकले. अजून येते. निवृत्त झाल्यावर तिचा उपयोग नाही, घरात मी एकटीच असते.

बाबांना मी त्या पहिल्या दिवसानंतर रोज विचारत होते, कसा वाटता. कधी सांगत, कधी "गप ऱ्हव" म्हणत. दोन वर्षांनी ते गेले. डॉक्टरांनी मागे लागून त्या तीन ओळींचा नवा फॉर्म छापून घेतला, तो बाबांच्या पश्चात. प्रेस शॉपला कानात घालायचे बोळे मिळायला त्यानंतर आणखी काही वर्षं लागली.

छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्यातला पहिला फॉर्म मी घरी नेला आणि बाबांच्या नावानं भरला. गणपत परब. फुप्फुसं कमजोर, कारण गिरणीतला कापूस. दोन कळशा पाणी ब्याऐंशी पायऱ्या चढवू शकतो. एकट्याला वाईट वाटतं. शिक्का मारला नाही. तो अजून माझ्याकडे आहे.

आमच्या कारखान्याच्या तपासणी फॉर्मवर तीन ओळी वाढल्या. त्या मी लिहिल्या होत्या. पांडू भोईर निवृत्त होईपर्यंत प्रेसवर होता आणि जाताना त्याची बोटं दहा होती.